तोंड फिरवा

रोज सकाळी सव्वानऊ वाजता आमच्या ऑफिसातली सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहत. आम्ही पाच डिझायनर, फोनवर बसणारी मुलगी, आणि आलेले असले तर खुद्द शेठसुद्धा. त्या वेळी चहावाला आत आला तर तोही किटली हातात धरून गुपचूप भिंतीकडे वळायचा. का, हे त्यानं कधी विचारलं नाही. भिंतीवर एका प्रिंटिंग मिलचं कॅलेंडर होतं. त्या काही वर्षांत मला सगळ्या एकादश्या पाठ झाल्या, एवढा एक फायदा.

आमच्या पाठीमागे मास्टर पासवर्ड टाइप करत असत. बावीस अक्षरांचा पासवर्ड, दोन बोटांनी. मध्येच एखादं अक्षर चुकलं की "च्च" असा आवाज यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हायची. कोणाला शिंक आली तर ती दाबायची, कारण शिंकलं की त्यांची मोजणी चुकायची. शेवटी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येई आणि मास्टर जाहीर करत, "जोडी दिधा." म्हणजे जोडून दिलं. मग आम्ही वळायचो आणि सुरतेच्या कापड उद्योगाचा एक दिवस सुरू व्हायचा.

मास्टर म्हणजे आमच्या ऑफिसचे आयटी हेड. तसं त्यांच्या कार्डावर छापलेलं होतं. आमच्या आयटी विभागाला हेड होतं, बाकी शरीर नव्हतं. त्याआधी वीसेक वर्षं ते कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात होते. लूमवरचा बीम, म्हणजे ताण्याच्या तारांचा रोळ, संपला की नव्या बीमच्या हजारो तारा जुन्या तारांना एकेक करून हातानं पिळून जोडावी लागतात. ते त्यांचं काम. पुढे कारखान्यात कापडात नक्षी विणणारे, कॉम्प्युटरवर चालणारे जॅकार्ड आले, त्यात डिझाइन भरायला कोणी तयार होईना, तेव्हा मास्टरांनी बोटं पुसली आणि माऊस धरला. तिथून ते पर्वत पाटियाला आमच्या शेठकडे आले. लूमच्या माणसांचा 'मास्टर' हा मान तेवढा त्यांनी बरोबर आणला आणि आम्हीही तो मुकाट्यानं दिला.

आता त्या रोजच्या सोहळ्याचं कारण सांगते. आम्ही साडीच्या प्रिंटची डिझाइनं करायचो. पूर्वी ऑफिसच्या कोपऱ्यात लोखंडी रॅकवर एक सर्व्हर घरघरत असे. शेठनी तो भंगारात काढला, क्लाउडवर एक मशीन भाड्यानं घेतलं आणि डिझाइनं ठेवायला क्लाउडवरच एक सामायिक ड्राइव्ह घेतला. आम्ही आपापल्या टेबलावरून त्या मशीनवर काम करायचो. मशीन वेगळं, ड्राइव्ह वेगळा. दोन्ही एकमेकांना जोडले, की मशीनवरच्या 'डिझाइन' नावाच्या फोल्डरात ड्राइव्हवरचं सगळं दिसायला लागे. भाडं वाचावं म्हणून मशीन रोज संध्याकाळी बंद व्हायचं. त्यामुळे रोज सकाळी पुन्हा जोडणं आलं, आणि जोडणं आलं म्हणजे मास्टर आले.

मास्टरांना क्लाउड समजला नव्हता असं कोणी म्हणू नये. "क्लाउड म्हणजे भाड्याचा लूम," ते सांगत. "खातं दुसऱ्याचं, वीज दुसऱ्याची, कापड बिघडलं तर मात्र आपलं." एवढं समजूनही त्यांनी कोपऱ्यातला रिकामा रॅक काढू दिला नाही. रोज आल्यावर चपला काढून ते तो फडक्यानं पुसत आणि त्यावर एक उदबत्ती लावत. ज्या मशीनसाठी हे चाललेलं होतं ते कुठल्या शहरात आहे हे शेठनाही ठाऊक नव्हतं. पण धूर पोचत असावा.

त्यांची सगळी विद्या एका वहीत होती. संगणकाच्या आज्ञा इंग्रजीत असतात, मास्टरांनी त्या देवनागरीत उतरवलेल्या. 'सुडो, जागा सोड, माउंट, जागा सोड, मायनस टी' असं ते ओठ हलवत वाचत आणि एकेक अक्षर शोधून दाबत. पहिल्या पानावर मात्र कुठलीच आज्ञा नव्हती. तिथे लाल शाईनं एवढंच लिहिलेलं होतं: 'जोडायच्या आधी खाली बघ. फोल्डर रिकामं पाहिजे.' त्याप्रमाणे ते जोडण्यापूर्वी रोज ते फोल्डर उघडून बघत. ड्राइव्ह जोडलेला नसताना ते रिकामं असणारच. रिकाम्या फोल्डरात रोज काय बघायचं असतं, हे मी त्यांना एकदा विचारलं.

"रिकामं शे का ते दखनं पडस," मास्टर म्हणाले. रिकामं आहे का, तेच बघावं लागतं.

मी खानदेशातली आहे हे कळल्यापासून ते माझ्याशी अहिराणीत बोलत. शेठशी हिंदी-गुजराती, बाकीच्यांशी मराठी आणि संगणकाशी देवनागरी इंग्रजी. मी गोडादऱ्यात त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. त्यांच्या घरी गेलं की कळायचं, हा माणूस ऑफिसात नाटक करत नाही. घरात टीव्हीची पिन रोज काढलेली, पाण्याच्या मोटरची वायर रोज काढलेली, गॅसची नळीसुद्धा जेवणं झाली की काढून खुंटीला. सकाळी उठून सगळं पुन्हा स्वतःच्या हातानं लावायचं. पाहुण्याला चहा हवा असेल तर आधी नळी जोडण्याचा कार्यक्रम बघावा लागे. "मन्हा जलम हाई जोडाजोडीमा ग्या," असं त्यांची बायको चहा देताना म्हणायची. मास्टर शांतपणे बशीत फुंकर घालत.

मग आमच्या शेठना प्रगती करावीशी वाटली. त्यांनी वेसूहून, म्हणजे सुरतेच्या श्रीमंत टोकाहून, एक सल्लागार आणला. इस्त्रीचा शर्ट, बारीक लॅपटॉप, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सिंपल'. पहिल्याच सकाळी त्यालाही भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागलं. वळल्यावर तो बराच वेळ शेठकडे बघत राहिला.

"अरे अंकल, एक लाइन लिखनी है," तो म्हणाला. "मशीन चालू होगा, ड्राइव्ह अपने आप जुडेगा. सिंपल."

मास्टरांनी वही मिटली. "लूमवर एक तार तुटली की लूम थांबतो," ते म्हणाले. "थांबला म्हणून कळतं. न थांबता चालत राहिला तर अख्खा तागा बिघडलेला निघतो आणि सगळे खुशीत असतात. तुझ्या त्या लायनीनं जोडलं नाही, तर मला कोण सांगणार?"

"जोडेगा, अंकल."

"नाही जोडलं तर?"

"जोडेगा."

अशी तांत्रिक चर्चा अर्धा तास चालली. शेठनी दोघांनाही चहा पाजला आणि निर्णय पुढे ढकलला. पुढच्याच आठवड्यात मास्टर पुतणीच्या लग्नाला शिंदखेड्याकडे गावी गेले आणि शेठनी सल्लागाराकडून ती लाइन टाकून घेतली. सल्लागारानं चालू मशीनवर ती चालवून दाखवली. ड्राइव्ह जोडला गेला. त्यानं मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला, 'सिंपल' म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन नव्यानं चालू झालं तेव्हा ड्राइव्ह काही जोडला गेला नाही. मशीन जागं होताना नेटवर्क यायला थोडा वेळ लागतो आणि ती लाइन त्याच्याआधीच धावून जाऊन हात हलवत परत यायची. तक्रार न करता. हे आम्हाला मागाहून कळलं. त्या दिवसांत बाकीचे चौघे डिझायनर सॅम्पल काढायला कडोदऱ्याच्या मिलमध्ये जात होते, ऑफिसात डिझाइन करणारी मी एकटी. मी 'डिझाइन' फोल्डर उघडलं तर ते रिकामं.

मला शंका का आली नाही, हे मला नंतर पुष्कळांनी विचारलं. शेठनी पंधरा दिवसांपूर्वी फर्मावलं होतं, की लग्नसराईचं नवं कलेक्शन सुरू करण्याआधी जुनी डिझाइनं दुसरीकडे हलवा आणि जागा मोकळी करा. मला वाटलं, केली. आमच्या ऑफिसात सांगितलेलं काम झालेलं आहे, एवढ्यावरूनच खरं तर मला संशय यायला हवा होता. मी कामाला बसले. नऊ दिवसांत बत्तीस डिझाइनं केली. शेठनी त्यातली दोन-तीन माझ्या स्क्रीनवर येऊन पाहिली आणि "बॉर्डर सारी छे" म्हणाले. चिंचेच्या पानांची बॉर्डर होती ती. शेठच्या तोंडून 'चांगली आहे' मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सोमवारी मास्टर गावाहून परतले. आपल्या मागे ती लाइन घुसवली गेल्याचं त्यांना जिन्यातच कळलं. ते आले ते चपलांसकट. रॅक पुसला नाही, उदबत्ती लावली नाही. "तोंड फिरवा," एवढं मात्र नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले. आम्ही फिरवली. त्या दिवशी पासवर्ड दोनदा चुकला. मग "जोडी दिधा" आलं, आम्ही वळलो, मी फोल्डर उघडलं. सगळी जुनी डिझाइनं जागच्या जागी होती. माझी बत्तीस नव्हती.

दुपारी सल्लागार आला. त्यानं ड्राइव्ह शोधला, ड्राइव्हच्या रोज रात्री निघणाऱ्या प्रती शोधल्या. कशातही माझं एक पानसुद्धा नव्हतं. शोधाशोध चालू राहिली म्हणून त्या रात्री मशीन बंदही केलं नाही.

"फाइल अपने आप नहीं जाती, शेठ," तो म्हणाला. "और ये तो गयी भी नहीं. मॅडमने इधर कभी रखी ही नहीं. कहीं और रखी होगी."

शेठनी मात्र ती डिझाइनं डोळ्यांनी पाहिलेली. त्यांनी बेरीज केली. मंगळवारी सकाळी त्यांना कोणीतरी मार्केटमधल्या दुसऱ्या दुकानातल्या एका साडीचा फोटो पाठवला. बॉर्डरवर चिंचेची पानं. चिंचेची पानं त्या वर्षी अर्ध्या मार्केटात होती, पण शेठना तेवढीच दिसली.

"बेन," शेठ म्हणाले, "डिझाइन क्यां गई?"

फोल्डरातच ठेवली होती, एवढं मी सांगितलं. आमच्या धंद्यात कामाला ढिली बाई चालते, भांडकुदळ चालते, उशिरा येणारीसुद्धा चालते. डिझाइन विकणारी चालत नाही. हा शिक्का एकदा बसला की पर्वत पाटियापासून रिंग रोडपर्यंत कोणी खुर्ची देत नाही. माझा नवरा लूमवर बारा-बारा तास उभा राहायचा, पोरगी दहावीला होती, आणि तेरा वर्षं घासून मी या धंद्यात जे नाव कमावलं होतं ते चहा थंड व्हायच्या आत गेलं. मैत्रिणींनी माझ्याशी बोलणं बंद केलं. नाही म्हणायला एकीनं विचारलं, की किती मिळाले.

त्या दुपारी मास्टर माझ्या टेबलाशी आले. "पोरी, तू काम सुरू करं तव्हय फोल्डरमा काही व्हतं का?"

"काहीच नव्हतं मास्टर. रिकामं होतं."

ते लगेच वळले. जागेवर जाऊन बसले, वहीचं पहिलं पान उघडलं आणि बराच वेळ तेच बघत बसले. त्यांचा चहा तसाच राहिला. मला वाटलं, यांनीही मला चोरांत टाकलं.

बुधवारी शेठनी माझी बॅग टेबलावर उपडी केली. डबा, कंगवा, पोरीच्या क्लासची पावती, गोळ्यांची पाकिटं. ड्रॉवर उपसला. मोबाइलमधले फोटो सल्लागारानं एकेक करून पाहिले. त्यात माझ्या भाचीच्या साखरपुड्याचे दोनशे होते, तेही पाहिले. सगळं ऑफिस बघत होतं. मास्टर तेवढे बघत नव्हते. ते आमच्याकडे पाठ करून रिकामा रॅक पुसत होते. मी रडले नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो. घरी जाऊन रडले ते सोडा.

गुरुवारी मी राजीनामा लिहून नेला. ठेवायला गेले तर सव्वानऊ वाजलेले.

"तोंड फिरवा," मास्टर म्हणाले.

चोर असो की साव, तोंड फिरवावंच लागे. मी फिरवलं. त्या दिवशी टकटक फार कमी वेळ चालली. मग नेहमीचे शब्द आलेच नाहीत. मास्टर म्हणाले, "पलटा."

स्क्रीनवर 'डिझाइन' फोल्डर उघडं होतं. जुनं एकही डिझाइन त्यात नव्हतं. माझी बत्तीस होती. चिंचेच्या पानांची बॉर्डर पहिल्याच रांगेत.

"मी काही जोडलेलं नाही," मास्टर शेठना म्हणाले. "आता दिसतंय ते मशीनच्या स्वतःच्या पोटातलं. ड्राइव्ह जोडलेला नव्हता तेव्हा बाईनं काम केलं, ते मशीनवरच पडलं. मग वरून ड्राइव्ह जोडला, हे खाली झाकलं गेलं. गादीवर कागद राहिला आणि वर चादर घातली, तसं. कागद गेला कुठेच नव्हता."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा मास्टरांकडे. "तो भूल कोनी?" चूक कोणाची, ते त्यांना हवं होतं.

मास्टरांनी वहीचं पहिलं पान मिटलं. त्यांचा हात वहीवर होता.

"ऑटोमॅटिकवाले भाई को पूछो," ते म्हणाले.

सल्लागार त्यानंतर दिसला नाही. माझी बत्तीस डिझाइनं ड्राइव्हवर हलवली, ती लाइन काढली गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर पुन्हा आमच्या नशिबी आलं. शेठनी माफी मागितली का, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं. "चालो, कामे लागो" म्हणाले आणि सगळ्यांना लोचो मागवला, म्हणजे वर शेव घातलेला मऊ सुरती ढोकळा. माझ्या बशीत शेव जास्त होती. ती माफी असावी.

मास्टर माझ्यासाठी देव झाले. दुसऱ्याच रविवारी मी खापरावरचे मांडे करून त्यांच्या घरी नेले. त्यांनी डब्याला हात लावला नाही, पोट बरं नाही म्हणाले. त्यांच्या बायकोनंच सगळे खाल्ले. पुढे दीड वर्ष मी ऑफिसात त्यांचं कौतुक करत राहिले आणि प्रत्येक वेळी त्यांना काहीतरी काम आठवायचं. मोठा माणूस, स्तुती सहन होत नाही, असा मी अर्थ काढला. माणसं वाचण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

मग त्यांची नजर अधू झाली, बावीस अक्षरं चार-चार वेळा चुकायला लागली आणि त्यांनी गावी जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी ते कोणाच्याही आधी ऑफिसात आले होते. जाताना वही माझ्या हातात ठेवली.

"आते तू जोडजो," ते म्हणाले. "आनि पहिलं पान इसरू नको."

नाही विसरत म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून विसरले. खोटं कशाला सांगू, विसरले नव्हते, कंटाळा केला. रोज रिकामं असणारं फोल्डर रोज उघडून बघायला मी काही मास्टर नव्हते. रॅक पुसायचे, उदबत्ती लावायचे, सगळ्यांना भिंतीकडे वळवायचे. त्यात मजा होती. बघायचं तेवढं राहायचं. असे तीन महिने गेले.

एका सकाळी पासवर्ड टाकताना बाहेर कोणीतरी शिंकलं आणि माझी मोजणी चुकली. चिडून मी हात काढून घेतला आणि वहीचं पहिलं पान समोर आलं. म्हटलं, चला, आज बघू. फोल्डर उघडलं.

ते रिकामं नव्हतं. आत एक छोटी फाइल होती, मास्टरांच्या शेवटच्या दिवसाची, सकाळी आठ वाजताची. ड्राइव्ह जोडला की ती झाकली जात होती. जो जोडण्याआधी खाली बघेल त्यालाच दिसणार होती. इंग्रजी आज्ञा आयुष्यभर देवनागरीत लिहिणाऱ्या माणसानं आपली अहिराणी इंग्रजी अक्षरांत लिहिली होती. मला ती दोनदा ओठ हलवत वाचावी लागली.

'पोरी, तू खाल दखं म्हनीसन हाई वाची ऱ्हायनी. त्या सोमवारे घाईमा मीच न दखता वर जोडं. मंगळवारे तुले इचारं तव्हयच माले समजी गयतं. सगळास्नासमोर सांगानी हिंमत व्हयनी नही. बुधवारे तुनी बॅग उपसी तव्हय मी भीतकडे तोंड करीसन उभा ऱ्हायनू. माफ करजो.'

मला राग आला. एक दिवस. तेवढा एक दिवस आधी, मंगळवारीच, ते बोलले असते तर माझी बॅग त्या टेबलावर उपडी झाली नसती. मी त्यांना फोन लावला. त्यांच्या बायकोनं उचलला आणि सांगितलं, की ते विहिरीवर मोटरची वायर जोडायला गेलेत, काही निरोप आहे का.  मनात भांडणाची वाक्यं जुळवलेली होती.

"त्यास्ले सांगा," मी म्हणाले, "मी खाल दखं."

माझ्या पाठीमागे सगळं ऑफिस अजून भिंतीकडे तोंड करून उभं होतं. कोणीतरी विचारलं, झालं का. मी थांबा म्हटलं आणि डोळे पुसले.

फाइल मी काढलेली नाही. नियमाप्रमाणे फोल्डर रिकामं पाहिजे, आमचं नसतं. रोज सव्वानऊला मी तोंड फिरवायला सांगते, खाली बघते, ती आहे ना याची खात्री करते आणि मग तिच्यावर ड्राइव्ह जोडते.